कर्त्याविना वाक्य: स्पॅनिशभाषकांच्या इंग्रजीतील कर्मणी प्रयोग
(प्रस्तावना)

शाळेत 'चेंज द व्हॉइस'चा प्रश्न सोडवलेल्या प्रत्येक मराठी माणसाला इंग्रजी कर्मणी प्रयोगाची कृती पाठ असते. कर्म पुढे आणायचे, 'टु बी'चे योग्य रूप घालायचे, क्रियापदाचे तिसरे रूप लिहायचे आणि कर्त्याला 'बाय' लावून शेवटी बसवायचे. माद्रिदमध्ये, लिमात किंवा बोगोतात इंग्रजी शिकणारी मुलेही हीच कृती घोकतात. त्यांना ती आपल्याहून लवकर जमते, कारण त्यांच्या भाषेत तशीच रचना आहे. 'ला कासा फ्वे कोन्स्त्रुईदा पोर मी आब्वेलो' आणि 'द हाउस वॉज बिल्ट बाय माय ग्रँडफादर' ही वाक्ये शब्दाला शब्द जुळतात: घर, होणे, बांधलेले, कडून, माझे आजोबा. मग स्पॅनिशभाषकांच्या इंग्रजीतील कर्मणी प्रयोगावर स्वतंत्र पुस्तक कशासाठी?

कारण ते स्पॅनिश वाक्य सहसा कोणी बोलतच नाही. व्याकरणाला ते मान्य आहे, आणि कायद्यात, इतिहासग्रंथात, वर्तमानपत्रात तशी वाक्ये भेटतात. पण घरात बसून आजोबांची गोष्ट सांगणारा माणूस म्हणेल, 'ला कासा ला कोन्स्त्रुयो मी आब्वेलो'. आधी घर, मग त्या घराचीच पुन्हा आठवण देणारे छोटे सर्वनाम, मग साधे कर्तरी क्रियापद आणि शेवटी आजोबा. वाक्याच्या तोंडी कर्म आणायला त्याला प्रयोग बदलावा लागत नाही. मराठीलाही लागत नाही. 'हे घर आजोबांनी बांधले' एवढे म्हटले की झाले. इंग्रजीत मात्र शब्दांचा क्रम इतका घट्ट आहे की घराला पहिल्या जागी बसवायचे तर ते वाक्याचा उद्देश्य व्हावे लागते, आणि त्यासाठी क्रियापदाचे रूपच फिरवावे लागते.

हे पुस्तक या एका गोष्टीभोवती उभे आहे. स्पॅनिशभाषकाला इंग्रजी कर्मणी रचना बनवता येते. ती कधी बनवायची हे त्याची भाषा त्याला सांगत नाही. जे काम इंग्रजी एका रचनेकडून करून घेते, ते स्पॅनिशने चार-पाच रचनांत वाटून टाकले आहे. ती वाटणी समजून घेतल्याशिवाय कितीही वाक्ये फिरवून घेतली तरी हाती फारसे लागत नाही, असे माझे ठाम मत आहे.

वाटणीत सर्वांत मोठा वाटा 'से' या एकाक्षरी सर्वनामाचा. घराच्या खिडकीवर 'से वेंदे' अशी पाटी असते: विकणे आहे. दुकानाच्या दारावर 'से आब्ला एस्पान्योल': येथे स्पॅनिश बोलतात. वस्तू अनेक असतील तर क्रियापदही अनेकवचनी होते, 'से वेंदेन पीसोस', सदनिका विकणे आहे. या जुळणीवरूनच वैयाकरण म्हणतात की इथे सदनिका हाच व्याकरणातला उद्देश्य आहे, आणि या रचनेला ते 'पासिवा रेफ्लेहा', म्हणजे आत्मवाचक कर्मणी, असे नाव देतात. पण 'से बीवे ब्येन आकी', इथे लोक सुखाने राहतात, यात ना कर्म आहे ना उद्देश्य. हे 'से' आपल्या भावे प्रयोगाच्या शेजारचे. याशिवाय 'मे रोबारोन ला कार्तेरा' हा आणखी साधा मार्ग आहेच. क्रियापद तृतीयपुरुषी अनेकवचनी, कर्ता बेपत्ता. आपण 'माझे पाकीट मारले' म्हणतो तसे.

आणखी एक 'से' मला फार प्रिय आहे. 'से मे कायो एल वासो': ग्लास पडला, आणि त्याची झळ मला लागली. इंग्रजीत 'आय ड्रॉप्ड द ग्लास' म्हणताना वक्ता सरळ कर्ता होऊन बसतो. मराठीत 'माझ्या हातून ग्लास पडला' म्हणणारा माणूस त्या स्पॅनिश वक्त्याच्या फार जवळचा आहे. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी आणि स्पॅनिश भाषकांना मुद्दाम केलेल्या आणि चुकून घडलेल्या कृतींच्या चित्रफिती दाखवल्या होत्या. मुद्दाम केलेल्या कृतींचे वर्णन दोघांनीही कर्त्यासकट केले. चुकून घडलेल्या गोष्टी सांगताना मात्र इंग्रजी भाषकांनी कर्त्याचा उल्लेख अधिक वेळा केला, आणि ती गोष्ट कोणाच्या हातून घडली हेही त्यांच्या अधिक लक्षात राहिले. भाषा विचाराला किती बांधते यावर वाद आहेत आणि त्यांत मी शिरणार नाही. पण कर्ता सांगायचा की गाळायचा हा निर्णय दोन भाषांत वेगळ्या ठिकाणी होतो, एवढे यातून लख्ख दिसते.

इतिहासात मागे गेले की या वाटणीचे मूळ सापडते. लॅटिनमध्ये कर्मणीचे रूप क्रियापदाच्या प्रत्ययातच होते. 'आमात' म्हणजे तो प्रेम करतो, 'आमातुर' म्हणजे त्याच्यावर प्रेम केले जाते. बोलीतल्या लॅटिनमधून हे प्रत्यय गळून पडले आणि तिच्या लेकीबाळींना नव्या सोयी कराव्या लागल्या. अंतोनियो दे नेब्रिहा यांनी १४९२ मध्ये कॅस्टिलियन, म्हणजेच स्पॅनिश, भाषेचे पहिले व्याकरण छापले. या भाषेला लॅटिनसारखे कर्मणी रूप नाही, ती आडवळणाने काम भागवते, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले: एक वळण 'सेर' (होणे) आणि धातुसाधिताचे, दुसरे 'से'चे. पाचशे वर्षांपूर्वी त्यांनी जे दोन मार्ग दाखवले, त्यांतला दुसरा आज राजमार्ग झाला आहे. काराकासमध्ये जन्मलेल्या आंद्रेस बेल्यो यांनी १८४७ मध्ये चिलीत आपले व्याकरण प्रसिद्ध केले. ते अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषकांसाठी, असे त्यांनी शीर्षकातच म्हटले होते. लॅटिनचा साचा स्पॅनिशवर लादू नका, हा त्यांचा आग्रह होता. विसाव्या शतकात एमिलियो आलार्कोस ल्योराच यांनी तर 'सेर' आणि धातुसाधित ही रचना साध्या विशेषणाच्या वाक्यापेक्षा वेगळी नाहीच, तेव्हा स्पॅनिशमध्ये कर्मणी प्रयोग म्हणून काही वेगळे मानायचे कारण नाही, अशी भूमिका घेतली. ती सर्वमान्य झाली नाही. तरीही ज्या भाषेत असा वाद उभा राहू शकतो, त्या भाषेतून येणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी कर्मणी प्रयोग परका का वाटतो, याचा खुलासा या वादात आहे.

इंग्रजीचा प्रवास नेमका उलट्या दिशेने झाला. जुन्या इंग्रजीत 'होणे' या अर्थाच्या दोन क्रियापदांनी कर्मणी रचना बनत असे. त्यांतले एक पुढे नाहीसे झाले. 'कोणीतरी' या अर्थी वापरले जाणारे 'मान' हे सर्वनाम, ज्याचे भावंड जर्मनमध्ये आजही रोज वापरात आहे, तेही गेले. विभक्तीचे प्रत्यय झिजले. कर्त्याला झाकायच्या जुन्या सोयी अशा एकेक करून संपल्या, तसा सगळा भार 'टु बी' आणि तिसऱ्या रूपावर आला, आणि मग ही रचना अशा ठिकाणी पोचली जिथे स्पॅनिश तिला कधीच नेत नाही. 'आय वॉज गिव्हन अ बुक' यात पुस्तक घेणारा उद्देश्य होतो. स्पॅनिशमध्ये हे अशक्य, तिथे 'मे दिएरोन उन लिब्रो', मला पुस्तक दिले, एवढेच. 'द बेड हॅज बीन स्लेप्ट इन' यात शब्दयोगी अव्यय एकटेच मागे लोंबकळत राहते. 'द हाउस इज बीइंग बिल्ट' ही आज बाळबोध वाटणारी रचना तर अठराव्या शतकाच्या अखेरीस रुजू लागली. त्याआधी 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणत, आणि नवी रचना अशुद्ध आहे अशी ओरड एकोणिसाव्या शतकातही चालू होती.

या दोन भाषा शेजारी ठेवून अभ्यासण्याचा प्रयत्न पद्धतशीरपणे सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकेत. रॉबर्ट लाडो यांचे नाव इथे पहिले. फ्लोरिडातल्या टँपा शहरी स्पॅनिश स्थलांतरितांच्या घरी जन्मलेले, स्पेनमध्ये वाढलेले आणि तरुणपणी परतून इंग्रजी शिकलेले लाडो स्वतःच या प्रश्नाचे मूर्त उदाहरण होते. १९५७ मधल्या 'लिंग्विस्टिक्स अक्रॉस कल्चर्स' या ग्रंथात त्यांनी सूत्र मांडले: मातृभाषेशी जुळते ते सोपे, न जुळते ते अवघड. याच पठडीत १९६५ मध्ये स्टॉकवेल, बोवेन आणि मार्टिन यांनी इंग्रजी व स्पॅनिश वाक्यरचनांची तपशीलवार तुलना प्रसिद्ध केली. पण कर्मणी प्रयोग या सूत्राला चकवतो. रचना जुळते, म्हणून तो सोपा ठरायला हवा. प्रत्यक्षात तो सोपा नाही.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत दृष्टी पालटली. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये विद्यार्थ्याच्या चुकांना अपयश न मानता पुरावा मानायला सांगितले. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये शिकणाऱ्याच्या अर्ध्या वाटेवरच्या भाषेला स्वतंत्र व्यवस्थेचा दर्जा दिला. मग १९७४ मध्ये जॅकलिन शॅक्टर यांनी एक नेमका दोष दाखवला: विद्यार्थी जी रचना टाळतो तिच्यात तो चुकत नाही, म्हणून चुका मोजून अडचण कळत नाही. त्यांचा अभ्यास संबंधी उपवाक्यांचा होता आणि त्यात स्पॅनिशभाषक नव्हते. पण स्पॅनिशभाषकांचे इंग्रजी निबंध वाचताना मला त्यांचीच आठवण होते. 'दे स्टोल माय वॉलेट', 'पीपल से दॅट', 'समबडी टोल्ड मी': एकही चूक नाही, आणि पानभर एकही कर्मणी वाक्य नाही.

सिद्धांताच्या बाजूने या विषयाला सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली ती नोम चॉम्स्की यांच्यामुळे. १९५७ च्या 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स'मध्ये कर्तरीतून कर्मणी घडवणारा नियम हे त्यांचे गाजलेले उदाहरण. वर्गातल्या 'चेंज द व्हॉइस'ला त्यामुळे नकळत शास्त्राचा आधार मिळाला, असे अनेकांना वाटले. स्वतः चॉम्स्की यांनी १९६६ मध्ये भाषाशिक्षकांपुढे बोलताना, भाषाविज्ञानाकडून अध्यापनासाठी फार अपेक्षा ठेवू नका, असेच सुचवले होते. त्या परंपरेतून आलेली एक कल्पना मात्र शिक्षकाच्या थेट उपयोगाची आहे. डेव्हिड पर्लमटर यांनी १९७८ मध्ये दाखवले की अकर्मक क्रियापदांत दोन जाती आहेत. 'धावणे'चा कर्ता खराखुरा कर्ता असतो. 'घडणे', 'पडणे', 'येऊन ठेपणे' यांचा कर्ता आतून कर्मासारखा असतो, त्याच्यावर काहीतरी बेतते. 'द अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड' ही चूक जगभरच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत का सापडते, हे यातून उलगडते. अपघाताने काही केलेले नाही हे विद्यार्थ्याने बरोबर हेरलेले असते. फक्त ते सांगायला त्याने नको ते साधन उचललेले असते.

मला स्वतःला अधिक जवळचा वाटतो तो प्राग शाखेच्या व्हिलेम माथेसियुस यांच्यापासून मायकेल हॅलिडे यांच्यापर्यंत आलेला प्रवाह. वाक्याची सुरुवात कोणापासून करायची, माहीत असलेले आधी आणि नवे नंतर कसे ठेवायचे, हा त्यांचा मुख्य प्रश्न, आणि इंग्रजी कर्मणी प्रयोगाचे कोडे याच प्रश्नाने सुटते. मरियान सेल्से-मुर्सिया आणि डायान लार्सन-फ्रीमन यांनी शिक्षकांसाठी लिहिलेल्या व्याकरणात रूप, अर्थ आणि वापर अशी तीन अंगे वेगळी केली. कर्मणीत खरी मेख वापरात आहे, असे त्यांचे म्हणणे. ते माझ्या अनुभवाशी जुळते.

एकच वाक्य जवळून पाहू. रसायनशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगाची कृती लिहितो: 'इट वॉज अ‍ॅडेड वॉटर'. शिक्षक 'इट' खोडतो, 'वॉटर' पुढे नेतो, तांबड्या शाईने 'वॉटर वॉज अ‍ॅडेड' लिहितो आणि पुढे सरकतो. पुढच्या आठवड्यात तेच वाक्य पुन्हा येते. कारण विद्यार्थ्याच्या मनात 'से आन्यादियो आग्वा' आहे. तिथे क्रियापद पुढे, पाणी शेवटी, कारण पाणी ही नवी माहिती आहे आणि नवे शेवटी ठेवणे स्पॅनिशला सहज जमते. 'से'च्या जागी काहीतरी हवे, म्हणून 'इट'; इंग्रजीला वाक्याच्या सुरुवातीची जागा रिकामी चालत नाही, हा नियम त्याने पाळलेला असतो, म्हणूनही 'इट'. 'वॉज अ‍ॅडेड' तर त्याने अचूक बनवलेले आहे. म्हणजे चूक कर्मणी रूपात नाहीच, पाणी कुठे बसवायचे यात आहे. क्रिस्तोबाल लोसानो आणि आमाया मेंदीकोएचेआ यांनी स्पॅनिशभाषकांच्या इंग्रजी लेखनातील क्रियापदानंतर येणाऱ्या उद्देश्यांचा जो अभ्यास केला आहे, तो याच जागेवर प्रकाश टाकतो. त्या मुलाला पन्नास कर्तरी वाक्ये फिरवायला दिली तरी तो सगळी बिनचूक फिरवेल, आणि पुन्हा 'इट वॉज अ‍ॅडेड वॉटर' लिहील.

बाकीच्या चुका तुलनेने किरकोळ. 'पोर' एकच असल्याने 'बाय' आणि 'फॉर' यांची गल्लत होते. 'नासी एन लिमा' यात जन्मणे कर्तरी असते, म्हणून 'आय बॉर्न इन लिमा' येते. 'सेर' आणि 'एस्तार' या 'असणे'च्या दोन क्रियापदांतला भेद इंग्रजीत नसल्याने 'द डोअर वॉज क्लोज्ड' म्हणजे दार बंद होते की बंद केले गेले, असा प्रश्न त्यांना पडतो; तो योग्यच आहे, इंग्रजी वाक्य खरोखर दुहेरी आहे. इंग्रजी धातुसाधिताला लिंग-वचन नसणे हीही त्यांना उणीव वाटते. इथे मराठी वाचकाला आपोआप फायदा मिळतो. पूल बांधला गेला, इमारत बांधली गेली, घरे बांधली गेली, असे म्हणणाऱ्याला 'कोन्स्त्रुईदो, कोन्स्त्रुईदा, कोन्स्त्रुईदास' समजावून सांगावे लागत नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'तली प्रयोगविचाराची चिकित्सा ज्यांनी वाचली आहे, त्यांना तर स्पॅनिशमधले 'से'चे वाद ओळखीचे वाटतील.

आज या विषयाकडे वळण्याची निकड दोन ठिकाणांहून येते. पहिले ठिकाण विज्ञानाचे. स्पॅनिश ही सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे, पण तिच्या संशोधकांना आपले काम बहुतांशी इंग्रजीत प्रसिद्ध करावे लागते. डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या व्याकरणानुसार इंग्रजी शास्त्रीय गद्यातील समापिका क्रियापदांपैकी साधारण २५ टक्के कर्मणी असतात. संभाषणात हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास. बोलण्यातून इंग्रजी शिकलेला माणूस शोधनिबंध लिहायला बसला की एकदम दुसऱ्याच प्रदेशात पोचतो. त्याच वेळी जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४६ च्या निबंधापासून चालत आलेला, कर्मणी टाळा, हा उपदेश त्याच्या कानावर पडत असतो. मातृभाषेच्या सवयीनेच कर्मणी टाळणाऱ्याला हा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरे ठिकाण अधिक कठोर आहे. अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून अधिक लोक आहेत. त्यांच्यापैकी जे नव्याने इंग्रजी शिकत आहेत, त्यांना कर्मणी प्रयोग पहिल्यांदा पाठ्यपुस्तकात नव्हे, नोटिशीत भेटतो. अर्ज नाकारण्यात आला आहे, घर रिकामे करणे आवश्यक आहे, हजर राहण्यास फर्मावण्यात येत आहे. कोणी नाकारले, कोणी फर्मावले, हे वाक्यात नसते. अटकेच्या वेळी पोलिस जी सूचना देतात ती १९६६ च्या मिरांडा खटल्यातून आली. तुम्ही जे बोलाल ते तुमच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते, हे तिचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य इंग्रजीत 'कॅन बी यूज्ड' असे आहे: साहाय्यक क्रियापद, 'बी', तिसरे रूप आणि कर्ता गैरहजर. ते नीट कळणे हा त्या माणसाच्या हक्काचा भाग आहे.

प्रस्तुत पुस्तक मराठी वाचकासाठी आहे: स्पॅनिश शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांसाठी, स्पॅनिश-इंग्रजी भाषांतर करणाऱ्यांसाठी, आणि परदेशात किंवा पडद्यापलीकडून स्पॅनिशभाषकांना इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्या शिक्षकांसाठी. त्याची मांडणी नेहमीच्या व्याकरणाच्या उलट आहे. कर्तरीवरून कर्मणीकडे जाण्याऐवजी ते 'से'पासून निघते, आणि प्रत्येक स्पॅनिश रचनेला इंग्रजीत कोणकोणती घरे मिळू शकतात ते पाहते. 'से'चे उत्तर दर वेळी कर्मणीच असते असे नाही. कधी 'यू', कधी 'दे', कधी 'पीपल', कधी साधे अकर्मक क्रियापद. काळांची कोष्टके पुस्तकात आहेत, पण शेवटी. उतारे मात्र भरपूर आहेत: पाककृती, प्रयोगवह्या, बातम्या, भाडेकरार, रुग्णालयातली पत्रके. एकेकट्या वाक्यावरून कर्मणीची गरज कळत नाही. मागचे वाक्य काय होते हे ठाऊक असावे लागते.

स्पॅनिश शब्द सर्वत्र देवनागरीत दिले आहेत आणि उच्चार साधारणपणे लॅटिन अमेरिकेतला धरला आहे. त्यामुळे स्पेनमध्ये दातांत जीभ धरून उच्चारला जाणारा वर्ण इथे 'स'च दिसेल, आणि 'हुआन'मधला 'ह' माद्रिदमध्ये बराच खरखरीत ऐकू येईल. सराव करताना वाचकाने उतारा आधी पूर्ण वाचावा, त्यातले प्रत्येक 'से' अधोरेखित करावे, तिथे कोणाला लपवले आहे किंवा कोणी नव्हतेच हे मराठीत स्वतःशी सांगावे, आणि मगच इंग्रजी वाक्य लिहायला घ्यावे.